निर्जीव रसायनाची मजल कुठवर जाते?

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पृथ्वीवर जीव कसा उपजला आणि पृथ्वीबाहेर तो आहे का, हे दोन वेगळे प्रश्न खगोलजीवशास्त्र या एकाच विषयात का घालतात? 'आंतरविद्याशाखीय' म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं शिकायचं का? आणि पीएच.डी. नेमकी कशात करायची?

मी गेली पंचवीसेक वर्षं जुन्या खडकांतले आणि उल्कापाषाणांतले सेंद्रिय रेणू मोजतो. त्यामुळे उत्तर माझ्या टेबलाकडे झुकणार, हे आधीच सांगून टाकतो. एखाद्या खगोलशास्त्रज्ञाने ते वेगळं लिहिलं असतं.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. तेव्हा मी नवा होतो. एका उल्कापाषाणाच्या अर्कातली अमिनो आम्लं मोजताना आलेखात एक भलंमोठं शिखर आलं. सहा कार्बनचा रेणू, अमिनो गट थेट शेपटाला. प्रथिनांत असलं अमिनो आम्ल नसतं. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी आलेखाकडे नीट न बघताच विचारलं, "नमुना कुठल्या पिशवीत आला होता?" पिशवी नायलॉनची होती. नायलॉन-६ म्हणजे याच रेणूची लांबलचक माळ. गरम आम्लात ती तुटली की एकेक मणी सुटा होतो, आणि अर्क गरम आम्लात ठेवणं ही तर आमची रोजची पायरी.

पुढे हाच रेणू मोठ्या लोकांनाही भेटला. स्टारडस्ट यानाने वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळ जानेवारी २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. तिच्यात नायलॉनचा तोच मणी होता आणि सोबत ग्लायसिन हे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल. मग ग्लायसिन तरी धूमकेतूचं कशावरून? याचा निकाल २००९ मध्ये कार्बनच्या समस्थानिकांनी, म्हणजे त्याच्या हलक्या-जड रूपांनी, लावला. त्या ग्लायसिनमध्ये कार्बन-१३ चं प्रमाण पृथ्वीवरच्या सेंद्रिय पदार्थांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. नायलॉनच्या रेणूत मात्र ते पृथ्वीवरच्यासारखंच होतं.

तर एखादा रेणू परग्रहावरच्या जीवाचा आहे असं म्हणण्याआधी दोन चोर पकडावे लागतात. पहिला म्हणजे आपलाच मळ: पिशवी, हातमोजे, बोटांचा घाम. तो स्वच्छतेने आणि कोऱ्या नमुन्यांच्या चाचणीने सापडतो. दुसरा चोर जास्त बिलंदर, तो म्हणजे निर्जीव रसायन. जीवाचा हात न लागता ते काय काय बनवू शकतं याची यादी हाताशी नसेल, तर त्याला पकडणं अशक्य. ही यादी बनवतात जीवाच्या उगमावर काम करणारे लोक. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर मला इथे दिसतं. जीव कसा उपजला हे विचारणारा माणूस निर्जीव रसायनाला पुढे पुढे ढकलत नेतो, ते किती लांब जातं ते बघतो. पृथ्वीबाहेर जीव शोधणाऱ्याला हीच हद्द माहीत करून घ्यायची असते, कारण तिच्या अलीकडे जे सापडेल ते जीवाच्या खात्यावर मांडता येत नाही.

आणि ही हद्द दर काही वर्षांनी आमच्या अंदाजापेक्षा पुढे सरकते. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्कापाषाणात आजवर सत्तरहून अधिक अमिनो आम्लं सापडली आहेत. ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माल आणला. त्यात प्रथिनांतल्या २० अमिनो आम्लांपैकी १४ निघाली आणि डीएनए-आरएनएमधले पाचही नत्रयुक्त बेस निघाले. बेन्नूवर जीव होता असं कोणी म्हणत नाही. म्हणजे उद्या मंगळावर अमिनो आम्ल सापडल्याची बातमी आली, तर तेवढ्यावर पेढे वाटायचे नाहीत.

मग बघायचं काय? ठेवण बघायची. निर्जीव रसायन आंधळेपणाने सगळंच बनवतं: छोटे रेणू भरपूर, कार्बन वाढत जातील तसे कमी कमी, आणि एकाच सूत्राची जेवढी रूपं शक्य तेवढी जवळपास सगळी. बेन्नूतल्या अमिनो आम्लांत डावी आणि उजवी रूपं (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं) साधारण सारख्या प्रमाणात होती. जीव मात्र निवड करतो. मोजकेच रेणू घेतो, त्यांतलं एकच रूप घेतो, आणि बनवायला महाग पडणारा रेणूही गरज असेल तर भरपूर बनवतो. मेदाम्लांत हे फार सुंदर दिसतं. पेशी त्यांची साखळी दोन-दोन कार्बनांनी वाढवते, म्हणून १६ आणि १८ कार्बनवाली मेदाम्लं उठून दिसतात आणि १७ वाली मागे पडतात. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडपासून तापलेल्या धातूवर बनलेल्या साखळ्यांत असा चढउतार नसतो. आलेख सपाट उतारासारखा घसरत जातो. यातही गोम आहे. मर्चिसनमधल्या आयसोव्हॅलिनसारख्या काही अमिनो आम्लांत डाव्या रूपाचं पारडं थोडं जड निघालं आहे, आणि तिथेही जीव नव्हता. त्यामुळे 'एकाच बाजूचे रेणू म्हणजे जीव' हे सूत्रही डोळे झाकून वापरता येत नाही.

जागेचं रसायन कळण्याआधी जीवाची चाचणी घेतली की काय होतं, याचा धडा व्हायकिंग मोहिमेने दिला. १९७६ मध्ये दोन याने मंगळावर उतरली. एका प्रयोगात मातीवर पोषक द्रव टाकला; त्यातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली होती. खूण असलेला वायू बाहेर आला. आधी तापवून घेतलेल्या मातीतून तो जवळजवळ आलाच नाही. प्रयोग आखताना 'जीव आहे' असं म्हणण्यासाठी जी अट ठेवली होती, ती पुरी झाली! पण शेजारच्या उपकरणाने माती ५०० अंशांपर्यंत तापवली तेव्हा सेंद्रिय पदार्थाचा मागमूस नाही, फक्त क्लोरिन असलेले दोन साधे रेणू. ते पृथ्वीवरून आलेल्या सफाईच्या द्रावकाचे मानले गेले. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्लोरिन आणि ऑक्सिजन असलेला क्षार सापडला. थंडीत तो शांत बसतो आणि तापला की सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतो. जळताना क्लोरिनचे रेणू मागे राहतात. म्हणजे सेंद्रिय पदार्थ शोधण्याची आमची पद्धतच कदाचित त्यांना नष्ट करत होती. क्युरिऑसिटी रोव्हरने नंतर मंगळाच्या खडकात क्लोरोबेंझीन पकडलं, त्यामुळे ही शंका अधिक वजनदार झाली. व्हायकिंगची माणसं कच्ची होती असं अजिबात नाही, ती त्या काळातली उत्तम माणसं होती. फक्त मातीचं रसायन कळण्याआधीच मंगळाला जीवशास्त्राचा प्रश्न विचारला गेला, आणि मातीचं उत्तर ३२ वर्षांनी आलं.

के२-१८बी या ग्रहाची चर्चा तुम्ही ऐकली असेल. १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसतात, असा दावा जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून आधी २०२३ मध्ये दबक्या आवाजात आणि एप्रिल २०२५ मध्ये जरा मोठ्याने झाला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती बनवतात, म्हणून मथळे गाजले. पण २०२४ मध्येच हा रेणू ६७पी धूमकेतूच्या मोजमापांत ओळखला गेला होता, आणि साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकून तो प्रयोगशाळेतही बनवला गेला होता. शिवाय तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासणाऱ्यांना खूण इतकी ठळक दिसली नाही. माझं मत विचाराल तर तो रेणू तिथे आहे हेच अजून पक्कं नाही; तो कोणी बनवला हा त्यापुढचा प्रश्न. दूरच्या ग्रहावरच्या दाव्याला वेसण घालणारे लोक कोण होते ते बघा: धूमकेतूवाले, दिवा आणि काचेची नळी घेऊन बसलेले प्रयोगवाले, आणि संख्याशास्त्रवाले.

हे लक्षात आलं की दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं होतं. आंतरविद्याशाखीय म्हणजे पाच शाखांची मिसळ, असा समज असतो. माझ्या अनुभवात शाखा एकमेकींना मदत करतात त्याहून जास्त एकमेकींना अडवतात, आणि या विषयाची खरी कमाई त्या अडवण्यातच आहे.

मिलर-युरी प्रयोग घ्या, १९५३ चा. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ, त्यात विजेच्या ठिणग्या, आणि काही दिवसांत अमिनो आम्लं. रसायनवाले खूश. मग भूगर्भवाले म्हणाले, हे वायू आणले कुठून? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने झिरकॉन या खनिजाचे कण सापडतात. अशा जुन्या कणांतल्या सिरियम या मूलद्रव्यावरून असं दिसतं की तेव्हाचा शिलारसही आजच्यासारखाच ऑक्सिडीकृत होता. मग ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि वाफच येणार, आणि त्यांच्यात ठिणगी टाकून हाती फारसं लागत नाही. इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण आघातांचा अभ्यास करणारे मध्ये पडले: लोखंडाने भरलेला मोठा लघुग्रह आदळला तर ते लोखंड पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेईल, हायड्रोजन सुटेल आणि वातावरण काही काळापुरतं मिलरला हवं तसं होईल. म्हणजे 'तेव्हाचं वातावरण कसं होतं' हा प्रश्नच बदलला. आता आम्ही विचारतो, कधी, किती काळ आणि कशानंतर.

आरएनएचं तसंच. १९८० च्या दशकात कळलं की माहिती साठवणारा आरएनए विकरासारखं कामही करतो. त्या शोधासाठी सिडनी ऑल्टमन आणि थॉमस चेक यांना १९८९ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून 'आधी आरएनए' ही कल्पना बळावली. पण आरएनएला रायबोज ही साखर लागते. फॉर्मल्डिहाइडपासून साखरा बनतात हे १८६१ पासून माहीत आहे, पण त्या डांबरासारख्या राड्यात रायबोज जेमतेम. १९९५ मध्ये खुद्द मिलर आणि सहकाऱ्यांनी मोजलं की १०० अंश सेल्सियसला, सामू ७ असताना, ७३ मिनिटांत निम्मं रायबोज नष्ट होतं. शून्य अंशालाही अर्धायुष्य ४४ वर्षंच. २००४ मध्ये स्टीव्हन बेनर यांच्या गटाने दाखवलं की बोरॉन असलेली बोरेट खनिजं रायबोजला धरून टिकवतात. लगेच भूगर्भवाल्यांचा प्रश्न: तेवढं बोरॉन त्या काळी एका जागी साठलं होतं का? २००९ मध्ये जॉन सदरलँड यांच्या गटाने सुट्या साखरेचा आणि सुट्या बेसचा रस्ताच सोडला आणि वेगळ्याच वाटेने न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएच्या माळेतले मणी, बनवून दाखवले. फार देखणं रसायन आहे, मूळ निबंध नक्की वाचा. पण त्याला अतिनील प्रकाश लागतो आणि एकामागून एक पायऱ्या लागतात, म्हणजे उघड्यावरची उथळ तळी हवीत.

आणि इथे विषय दुभंगतो. एक पंथ जमिनीवरच्या तळ्यांचा: पाणी सुकतं, रेणू एकमेकांना जोडले जातात, पुन्हा पाणी येतं. दुसरा पंथ समुद्रतळाचा. २००० साली अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' नावाची उष्ण विवरं सापडली. तिथलं पाणी अल्कधर्मी, हायड्रोजनने भरलेलं, आणि तिथल्या चुनखडीच्या धुराड्यांना बारीक बारीक छिद्रं. आत अल्क, बाहेर त्यामानाने आम्ल, मध्ये पातळ भिंत: प्रोटॉनच्या फरकावर चालणाऱ्या आजच्या पेशीची ही नैसर्गिक प्रतिकृतीच वाटते. मी स्वतः तळ्यांकडे झुकतो, कारण भरपूर पाण्यात साखळ्या जुळण्यापेक्षा तुटतातच जास्त. पण पेशीच्या ऊर्जेचा प्रश्न विवरवाल्यांनी काढला की माझ्याकडे चांगलं उत्तर नसतं, हे कबूल करतो. तळेवाल्यांचेही हात पोळले आहेत. डेव्हिड डीमर यांनी कामचाटकातल्या एका तापलेल्या ज्वालामुखी डबक्यात जीवाला लागणारे घटक प्रत्यक्ष ओतून पाहिले. बहुतेक सगळे काही तासांत चिखलाला चिकटून बसले, नवीन काही बनलं नाही. स्वच्छ काचेत जमलेलं रसायन चिखलात जमेलच असं नाही, हे सांगायला असा एक प्रयोग पुरतो.

या भांडणाचा परग्रहांशी थेट संबंध आहे. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. कॅसिनी यानाने २००५ मध्ये त्याचे फवारे पाहिले. फवाऱ्यांत हायड्रोजन असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं आणि फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये. विवरपंथ खरा असेल तर सूर्यमालेत याहून चांगली जागा नाही. तळेपंथ खरा असेल तर तो समुद्र जीवाला राहायला उत्तम, पण तिथे उन्हात सुकणारं तळं नाही, म्हणजे जीव उपजायलाच वाव नाही. मग मंगळ वरचढ ठरतो, कारण तिथे एकेकाळी तळी होती. एन्सेलाडस रिकामा निघाला तर तीही आमच्यासाठी मोठी बातमी असेल, कारण त्यामुळे पृथ्वीवरच्या उगमाचा एक रस्ता कमकुवत होईल. दोन प्रश्न एकाच विषयात घालण्याचं याहून ठोस कारण मला देता येणार नाही.

खडकवाल्यांबद्दल थोडंच सांगतो. २०१६ मध्ये ग्रीनलंडमधल्या इसुआ भागात ३७० कोटी वर्षं जुन्या खडकात सूक्ष्मजीवांच्या थरांचे शंकू सापडल्याचा दावा झाला. २०१८ मध्ये अबिगेल ऑलवुड आणि सहकाऱ्यांनी तोच खडक दुसऱ्या बाजूंनी पाहिला. समोरून शंकू दिसणारी गोष्ट बाजूने लांबट वळकटी निघाली, खडक दाबला-ताणला गेल्यावर पडते तशी. याच ऑलवुड पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या, खडकातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या पिक्सल उपकरणाच्या प्रमुख राहिल्या आहेत. त्या रोव्हरला २०२४ मध्ये मंगळावर 'चेयावा फॉल्स' या खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले, आणि त्या ठिपक्यांत लोहाची फॉस्फेट व सल्फाइड खनिजं असावीत असं मोजमापांवरून वाटतं. पृथ्वीवर अशी खनिजं बऱ्याचदा सूक्ष्मजीवांमुळे बनतात, पण त्यांच्याशिवायही बनू शकतात. म्हणूनच २०२५ च्या निबंधात 'संभाव्य जैवखूण' एवढाच शब्द आहे. तो शब्द भित्रेपणाचा वाटेल. मला तो शहाणपणाचा वाटतो.

एक गंमत सांगायची राहिली. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावरची उष्ण विवरं आणि त्यांच्याभोवतीची जीवसृष्टी पहिल्यांदा सापडली, तेव्हा त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. भूगर्भवाले गरम पाणी शोधायला गेले होते. प्राणी जपून ठेवायला पुरेसं फॉर्मल्डिहाइड नव्हतं, म्हणून काही नमुने चक्क व्होडकात बुडवून आणले.

आता पीएच.डी. थोडं थोडं सगळं शिकलेला माणूस बैठकीत छान बोलतो, पण त्याला कोणी अडवू शकत नाही आणि तोही कोणाला अडवू शकत नाही. तुम्ही रसायनात आहात तर रसायनातच खोल जा: विश्लेषणात्मक किंवा सेंद्रिय, आणि एक यंत्र असं शिका की ते बिघडलं तर आवाजावरून कळावं. जोडीला खनिजशास्त्राचा एक पूर्ण अभ्यासक्रम करा आणि एकदा तरी भूगर्भवाल्यांबरोबर क्षेत्रभेटीला जा. संख्याशास्त्र टाळू नका. दुसऱ्या शाखेचे निष्कर्ष पाठ करण्यापेक्षा ती शाखा कशाला चूक मानते ते शिका. भाषेच्या खाचखळग्यांचीही सवय करा: खगोलशास्त्रज्ञ हेलियमपेक्षा जड सगळ्याला 'धातू' म्हणतात, कार्बन आणि ऑक्सिजनलासुद्धा. पहिल्या संयुक्त बैठकीत मी अर्धा तास वेगळ्याच ग्रहाची कल्पना करत बसलो होतो.

प्रबंध एखाद्या यानाच्या भरवशावर टांगू नका. युरोपा क्लिपर ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं, गुरूपाशी २०३० मध्ये पोहोचेल. शनीच्या टायटन या चंद्रावर जाणारं ड्रॅगनफ्लाय २०२८ मध्ये निघायचं ठरलं आहे, पोहोचायला २०३४ उजाडेल. शिष्यवृत्ती तेवढी थांबत नाही. प्रयोगशाळेत सुटेल असा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, परक्लोरेट आणि लोहाची खनिजं असलेल्या मातीत मेदाम्लांची सम-विषम ठेवण किती तापमानापर्यंत ओळखू येते? यानाचा डेटा आला तर तुमचं काम त्याला लागू पडेलच, नाही आला तरी प्रबंध पुरा होईल.

मार्गदर्शक निवडताना एकच चौकशी करा: त्यांच्या गटातला नुकताच कुठला निष्कर्ष त्यांनी स्वतःच मागे घेतला किंवा सौम्य केला? उत्तर देताना जे चिडतात त्यांच्याकडे जाऊ नका.

आणि आत्ता, एम.एस्सी.च्या प्रकल्पातच सुरू करता येईल अशी गोष्ट: नमुन्याआधी, नमुना न घालता, रिकामी चाचणी चालवा, त्याच भांड्यात, त्याच द्रावकात, त्याच क्रमाने. काचेची भांडी ५०० अंशांवर काही तास भाजून घ्या, भाजलेल्याच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. नमुना कुठल्या पिशवीत आला ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहा.